पोर्टो रिकोची मतपेटी : पेटी घरची, किल्ली परक्याची

मताचा हक्क मिळाला म्हणजे राज्य हातीं आलें, अशी पुष्कळांची समजूत असते. निवडणूक आली कीं गाड्या धांवतात, घोषणा होतात, मतें पडतात, आणि मनुष्य घरीं येऊन म्हणतो, झालें आपलें काम! पण ज्या सभेसाठीं आपण मत दिलें तिच्या हातांत काय आहे आणि काय नाहीं, तिनें केलेला कायदा दुसरा कोणी पुसून टाकूं शकतो कीं काय, तिजोरीची किल्ली कोणाच्या कमरेला आहे, हे प्रश्न किती जण विचारतात? शेत विकत घेतांना आपण सातबाराचा उतारा पाहतों. मत देतांनाही तसाच उतारा पाहावयास हवा. तो कां पाहावा हें समजण्यासाठीं आज आम्ही वाचकांस समुद्रापलीकडच्या एका बेटाची हकीकत सांगणार आहों.

अमेरिकेच्या फ्लॉरिडा राज्याच्या आग्नेयेस सुमारें हजार मैलांवर, कॅरिबियन समुद्रांत, पोर्टो रिको नांवाचें बेट आहे. लांबी सुमारें शंभर मैल, रुंदी पस्तीस मैल. सन २०२० च्या शिरगणतींत तेथील वस्ती ३२ लाख ८५ हजारांवर भरली. लोकांची भाषा स्पॅनिश. डोंगरांत कॉफी, किनाऱ्याच्या सपाटींत ऊंस, कांहीं भागांत तंबाखू, अशी तेथली जुनी शेती. डोंगरांतल्या गरीब शेतकऱ्यास तेथें ‘हीबारो’ म्हणतात. गवती टोपी हा त्याचा वेष.

या बेटावर चारशें वर्षें स्पेनचें राज्य होतें. सन १८९८ सालीं स्पेन आणि अमेरिका यांच्यांत युद्ध जुंपलें, २५ जुलै रोजीं अमेरिकेची फौज बेटावर उतरली, आणि त्याच वर्षीं डिसेंबरांत पॅरिसच्या तहानें बेट अमेरिकेच्या पदरीं पडलें. तहाच्या बैठकींत बेटाचा एकही माणूस नव्हता. गुरांच्या बाजारांत दावें एका हातांतून दुसऱ्या हातांत जातें. बैलाला कोण विचारतो?

सन १९०० सालीं अमेरिकेच्या काँग्रेसनें, म्हणजे तिकडच्या वरिष्ठ कायदेमंडळानें, बेटाच्या कारभाराचा कायदा केला. त्यांत लोकांनीं निवडलेली ३५ सभासदांची एक सभा ठेवली. पण गव्हर्नर नेमावयाचा अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षानें, वरच्या सभागृहाचें काम करणारें कार्यकारी मंडळही त्यानेंच नेमावयाचें, आणि बेटाच्या सभेनें केलेला कोणताही कायदा रद्द करण्याचा अधिकार काँग्रेसनें आपल्याकडे ठेवला. लोकांनीं निवडलेल्या सभेनें बोलावें, नेमलेल्या सभेनें अडवावें, आणि तरीही कांहीं निसटलें तर वॉशिंग्टननें खोडावें, अशी ती तीनपदरी तजवीज होती.

मग प्रश्न उभा राहिला कीं हें बेट अमेरिकेचा भाग आहे कीं नाहीं. तो सोडविला संत्र्यांनीं! एका व्यापाऱ्यानें पोर्टो रिकोंतून न्यूयॉर्क बंदरांत संत्रीं आणलीं. सरकारनें त्यांवर सुमारें ६५९ डॉलर जकात घेतली. व्यापारी म्हणाला, देश एकच असेल तर जकात कसली? सन १९०१ सालीं अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानें पांच विरुद्ध चार मतांनीं निकाल दिला कीं जकात बरोबर आहे. बेट अमेरिकेच्या मालकीचें आहे, पण अमेरिकेचा भाग नाहीं, असा त्याचा अर्थ. एका न्यायमूर्तीनें तर असाही विचार मांडला कीं अशा मुलखांत परक्या वंशाचे, निराळ्या चालीरीतींचे लोक राहतात, तेव्हां अँग्लो-सॅक्सन तत्त्वांवर तेथें राज्य चालविणें कांहीं काळ तरी अशक्य असेल. ‘तुम्ही अजून लायक नाहीं, जरा थांबा,’ हें वाक्य जगांतल्या प्रत्येक खालीं दडपलेल्या समाजाच्या कानांवरून गेलेलें आहे. तें कधीं शास्त्राच्या नांवानें येतें, कधीं कायद्याच्या. जॉन हार्लन नांवाच्या न्यायमूर्तीनें मात्र निकालाविरुद्ध मत दिलें. काळ्या लोकांना आगगाडीच्या वेगळ्या डब्यांत बसविणाऱ्या सन १८९६ च्या निकालाविरुद्ध एकटा उभा राहिलेला न्यायमूर्ति तोच.

सन १९१७ सालीं बेटवाल्यांस अमेरिकेचें नागरिकत्व मिळालें, सिनेटही निवडलेलें झालें. गव्हर्नर मात्र नेमलेलाच राहिला. त्या वर्षीं सिनेटांत निवडून आलेल्यांत सांतियागो इग्लेसियास हा एक सुतार होता. स्पेनमध्यें जन्मला, करवत-रंध्यावर पोट भरलें, बेटावर येऊन ऊंसतोड्यांच्या आणि विड्या वळणाऱ्यांच्या संघटना बांधल्या, तुरुंग भोगला, आणि मतांच्या बळावर सभेंत जाऊन बसला. पुढें सन १९३३ ते १९३९ पर्यंत तो वॉशिंग्टनमध्यें बेटाचा प्रतिनिधि होता. साक्षर स्त्रियांस सन १९२९ च्या कायद्यानें मत मिळालें. १९३२ सालीं त्यांनीं पहिल्यानें मत दिलें आणि त्याच निवडणुकींत मारिया लुइसा आर्सेलाय ही मायाग्वेस गांवची, शिवण-भरतकामाच्या धंद्यांतली बाई सभेंत निवडून आली. निरक्षर स्त्रियांवरील बंदी १९३५ सालीं उठली.

आतां जी गोष्ट आम्हास शेतकरी वाचकांपुढें मुद्दाम ठेवावयाची आहे ती सन १९४० ची. अमेरिकेनें सन १९०० सालींच असा ठराव केला होता कीं बेटावर कोणत्याही कंपनीनें ५०० एकरांहून अधिक शेतजमीन बाळगूं नये. ठराव कागदावर राहिला आणि साखर कंपन्या हजारों एकर गिळून बसल्या. गरीब मजूर मळ्याच्या जमिनीवर झोंपडी घालून राही. मालकाची मर्जी फिरली कीं झोंपडीसकट बाहेर. निवडणुकीच्या दिवशीं याच मजुराचें मत दोन डॉलरांस विकत घेण्याची चाल होती.

लुइस मुन्योस मारीन या पुढाऱ्यानें १९३८ सालीं नवा पक्ष काढला. भाकर, जमीन, स्वातंत्र्य हें त्याचें ब्रीद, आणि गवती टोपी घातलेल्या हीबारोचा चेहरा हें चिन्ह. तो डोंगरांतून, वाड्यावाड्यांतून हिंडला आणि लोकांस सांगूं लागला कीं बाबांनो, मत विकूं नका. दोन डॉलर घ्याल तर न्याय मागण्याचें तोंड उरणार नाहीं. दोन्हींपैकीं एक निवडा. शेतकऱ्यांनीं ऐकलें. १९४० च्या निवडणुकींत सिनेटच्या १९ जागांपैकीं १० त्याच्या पक्षास मिळाल्या. एका जागेचें आधिक्य! पण तेवढ्यानें १९४१ सालीं जमिनीचा कायदा झाला, चाळीस वर्षें झोंपलेला ५०० एकरांचा नियम जागा केला गेला, कंपन्यांच्या जमिनी सरकारनें घेण्यास प्रारंभ केला, आणि मळ्यावरच्या बेघर मजुरांस घरापुरते जमिनीचे तुकडे मिळूं लागले. मताला कांहींच किंमत नाहीं असें कोणी म्हणेल तर त्यास हें उदाहरण दाखवावें. ज्या दिवशीं तें विकावयाचें बंद झालें त्या दिवशींच त्याची खरी किंमत कळली.

याच मुन्योस मारीनची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. सन १९४८ सालीं त्याच्या पक्षाच्या सभेनें एक कायदा केला. त्याखालीं स्वातंत्र्याचा पुरस्कार करणाऱ्यांस तुरुंगाची वाट दाखविण्यांत आली आणि बेटाचा झेंडा फडकविणेंही गुन्हा ठरूं लागलें. लोक त्याला ‘मुसक्यांचा कायदा’ म्हणत. तो १९५७ सालीं रद्द झाला. गरिबांच्या मतांवर निवडून आलेला पुढारीही गरिबांचें तोंड बांधूं शकतो, हें विसरूं नये.

सन १९४७ च्या कायद्यानें गव्हर्नर निवडण्याचा हक्क मिळाला; १९४८ सालीं मुन्योस मारीन पहिला निवडलेला गव्हर्नर झाला. मग बेटानें आपली घटना लिहिली आणि मार्च १९५२ मध्यें लोकांनीं ती मतांनीं मंजूर केली. तिच्यांत विसावें कलम असें होतें कीं प्रत्येकास काम मिळण्याचा हक्क आहे; अन्न, वस्त्र, घर, औषधपाणी यांस पुरेल असें जीवन जगण्याचा हक्क आहे; बेकारी, आजारपण, म्हातारपण यांत आधार मिळण्याचा हक्क आहे; आईला आणि लेकराला विशेष जपणुकीचा हक्क आहे. कष्टकऱ्याला याहून गोड कलम कोणतें? पण घटना वॉशिंग्टनला गेली आणि काँग्रेसनें हें कलम काढून टाका म्हणून अट घातली. कलम निघालें, आणि २५ जुलै १९५२ रोजीं उरलेली घटना अंमलांत आली. लोकांनीं स्वतः मतें देऊन मंजूर केलेल्या घटनेंतून गरिबाच्या पोटाचें कलम हजार मैलांवरील सभेनें पेन्सिलीनें खोडावें, यांतच या राज्यपद्धतीचा सगळा सार आला.

आतां त्या घटनेप्रमाणें निवडणूक कशी होते तें पाहूं. यांत शिकण्याजोगें बरेंच आहे, आणि जें चांगलें आहे त्यास चांगलें म्हटलेंच पाहिजे.

दर चार वर्षांनीं नोव्हेंबरांत, अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षाची निवडणूक असते त्याच दिवशीं, बेटाचीही निवडणूक होते. अठरा वर्षांवरील नागरिकास मत आहे. एकाच दिवशीं मतदार गव्हर्नर निवडतो, वॉशिंग्टनला पाठवावयाचा प्रतिनिधि निवडतो, दोन्ही सभागृहांचे सभासद निवडतो, आणि आपल्या गांवचा मेयर व गांवची सभाही निवडतो. अशा ७८ नगरपालिका बेटावर आहेत. मतपत्रिकेवर पक्षांचीं चिन्हें असतात. निळ्या रंगाच्या नव्या पुरोगामी पक्षाचें चिन्ह ताडाचें झाड, तांबड्या पॉप्युलर पक्षाचें गवती टोपीवाला हीबारो, आणि हिरव्या स्वातंत्र्य पक्षाचें पांढऱ्या क्रुसाचा झेंडा. पाहिजे तर चिन्हाखालीं एकच खूण करून सगळ्या पक्षास मत द्यावें, पाहिजे तर माणसें वेंचून द्यावें.

सिनेटच्या मूळ जागा २७. बेटाचे आठ जिल्हे. प्रत्येकांतून दोन, असे १६. बाकीच्या ११ जागांसाठीं सगळें बेट एकच मतदारसंघ. खालच्या सभेच्या जागा ५१. त्यांतल्या ४० एकेका मतदारसंघाच्या, आणि ११ पुन्हां सगळ्या बेटाच्या. गंमत अशी कीं या अकरा जागांसाठीं प्रत्येक मतदाराला मत एकच. त्यामुळें मोठ्या पक्षाला अकराच्या अकरा जागा गिळतां येत नाहींत. विखुरलेला लहान पक्षही सगळ्या बेटांतून शेंकडा आठ-नऊ मतें एका नांवावर गोळा करूं शकला तर त्याचा एक माणूस सभेंत बसतोच. स्वातंत्र्य पक्षाचा आवाज कित्येक वर्षें याच वाटेनें सभागृहांत राहिला.

याहूनही एक मोलाचें कलम आहे. एखाद्या पक्षानें एका सभागृहांत दोन-तृतीयांशांहून अधिक जागा जिंकल्या तर अल्पमतवाल्या पक्षांसाठीं जादा जागा निर्माण करतात. सिनेटांत अल्पमताच्या जागा ९ पर्यंत आणि खालच्या सभेंत १७ पर्यंत वाढवितां येतात. लाट आली म्हणून विरोधक वाहून जाऊं नये, सभेंत ‘नाहीं’ म्हणणारा कोणीतरी असावा, हा यामागचा हेतु. थोड्या संख्येच्या समाजाला प्रतिनिधित्व कसें मिळावें हा प्रश्न ज्यांना छळतो त्यांनीं हें कलम अवश्य अभ्यासावें.

कायदा होण्याची रीत अशी. दोन्ही सभागृहांनीं मंजूर केलेलें बिल गव्हर्नराकडे जातें. त्यानें नाकारलें तर प्रत्येक सभागृहाच्या एकंदर सभासदांपैकीं दोन-तृतीयांशांनीं पुन्हां मंजूर केल्यास तें कायदा होतें. गव्हर्नरानें गुन्हा केला तर खालच्या सभेनें दोन-तृतीयांश मतांनीं आरोप ठेवावा आणि सिनेटनें तीन-चतुर्थांश मतांनीं दोषी ठरवावें. दोष म्हणाल तर एक ठळक आहे. गव्हर्नरासाठीं निम्म्याहून अधिक मतांची अट नाहीं. जो पुढें तो निवडून आला. सन २०२० सालीं सुमारें ३३ टक्के मतांवर गव्हर्नर झाला. म्हणजे तीन मतदारांपैकीं दोघांनीं नको म्हटलेला माणूस खुर्चीवर बसला. सन २०२४ सालीं नव्या पुरोगामी पक्षाच्या जेनिफर गोन्सालेस निवडून आल्या, त्याही निम्म्याहून कमी मतांवर. आणि स्वातंत्र्य पक्षाचा उमेदवार त्या वेळीं आघाडी करून दुसऱ्या क्रमांकावर आला. जुन्या दोन पक्षांच्या आलटून-पालटून चालणाऱ्या मक्तेदारीस लोक कंटाळले, हें त्यांतून दिसतें.

एवढी नेटकी मतपेटी! आतां तिची किल्ली कोणाकडे आहे तें पाहूं.

बेटावरच्या नागरिकास अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षाच्या निवडणुकींत मत नाहीं. तोच माणूस बोरी-बिस्तरा घेऊन न्यूयॉर्कला राहावयास गेला तर त्याला मत मिळतें; परत बेटावर आला कीं गेलें. मत माणसाला आहे कीं मातीला? वॉशिंग्टनच्या सिनेटांत बेटाचा एकही सभासद नाहीं. खालच्या सभेंत ४३५ मतदार सभासद आहेत. त्यांच्याबरोबर बेटाचा एक ‘रेसिडेंट कमिशनर’ बसतो. त्याला बोलतां येतें, बिल मांडतां येतें, समितींत मत देतां येतें. पण बिलाच्या अखेरच्या मंजुरीवर त्याला मत नाहीं. पंगतींत बसावयाचें, वाढपही करावयाचें, पण ताट मात्र पुढें यावयाचें नाहीं!

आणि ज्या सभेंत मत नाहीं तिच्याच हातांत बेटाच्या संसाराच्या नाड्या आहेत. जकात तिच्याकडे, चलन तिच्याकडे, परराष्ट्रव्यवहार तिच्याकडे, लढाई तिच्याकडे. सन १९१९ च्या सुधारणांनंतर मुंबई इलाख्यांत शिक्षण व आरोग्य हीं खातीं लोकांच्या मंत्र्यांकडे ‘सोंपीव’ आणि पोलीस व जमीनमहसूल गव्हर्नराकडे ‘राखीव’ होता, हा इतिहास ज्यांस ठाऊक आहे त्यांस हा प्रकार ओळखीचा वाटेल. जहाजांचेंच उदाहरण घ्या. सन १९२० च्या अमेरिकन कायद्यानें अमेरिकेच्या एका बंदरांतून दुसऱ्या बंदरांत माल न्यावयाचा तर जहाज अमेरिकेंत बांधलेलें, अमेरिकनांच्या मालकीचें आणि अमेरिकन खलाशांचें पाहिजे. बेट आपलें बहुतेक अन्न बाहेरून आणतें, आणि अमेरिकेहून येणाऱ्या प्रत्येक पोत्यावर त्या महागड्या भाड्याचा भार बसतो. २० सप्टेंबर २०१७ रोजीं मारिया नांवाच्या वादळानें बेट झोडपून काढलें. मृतांचा अधिकृत अंदाज पुढें २,९७५ वर गेला. अशा वेळीं हा कायदा किती दिवस बाजूस ठेवला? दहा दिवस!

सगळ्यांत मोठा घाव कर्जाचा. वर्षानुवर्षें बेटाच्या सरकारांनीं कर्जें काढलीं. त्यांत दोन्ही मोठ्या पक्षांचा हात होता, सावकारांनींही डोळे झांकून पैसे दिले. रक्कम ७,००० कोटी डॉलरांवर गेली. शिवाय सुमारें ५,००० कोटींचीं पेन्शनचीं देणीं. अमेरिकेंतल्या राज्यांच्या नगरपालिकांना दिवाळें काढून कर्जाची फेरमांडणी करण्याची सोय आहे. काँग्रेसनें १९८४ सालीं पोर्टो रिकोला त्यांतून वगळलें होतें. बेटानें स्वतःचा कायदा केला, तो सर्वोच्च न्यायालयानें जून २०१६ मध्यें रद्द ठरविला. त्याच महिन्यांत दुसऱ्या निकालांत न्यायालयानें सांगितलें कीं फौजदारी खटल्यांच्या बाबतींत बेटाची सत्ता वेगळी नाहीं, तिचें मूळ काँग्रेसमध्येंच आहे. आणि ३० जूनला राष्ट्राध्यक्ष ओबामांच्या सहीनें नवा कायदा आला. त्यानें बेटावर सात जणांचें देखरेख मंडळ बसविलें. सातही जण राष्ट्राध्यक्षानें नेमलेले. बेटाचा निवडलेला गव्हर्नर त्यांत बसतो, पण त्याला मत नाहीं. मंडळाचा खर्च बेटानेंच द्यावयाचा. लोक त्याला नुसतें ‘हुंता’, म्हणजे मंडळी, म्हणतात.

या मंडळास बेटाचें अंदाजपत्रक ठरवितां येतें आणि सभेचा कायदा आर्थिक आराखड्याशीं जुळत नाहीं म्हणून न्यायालयांत तो अडवितां येतो. हें कागदावरच राहिलें असें नाहीं. विद्यापीठाच्या अनुदानाला कात्री लागली. सन २०२२ सालीं बेटाच्या सभेनें मजुरांच्या रजा, आजारपणाची सुटी इत्यादि पूर्वींचे हक्क परत देणारा कायदा केला. गव्हर्नरानें सही केली. मंडळ न्यायालयांत गेलें, आणि मार्च २०२३ मध्यें कायदा रद्दबातल झाला. दोन्ही सभागृहांनीं मंजूर केलेला, गव्हर्नरानें सही केलेला, लाखों मतांच्या पाठबळाचा कायदा एकाही मतावर न निवडलेल्या सात जणांनीं अडविला. १९५२ सालीं कलम खोडलें तें गरिबाच्या पोटाचें होतें. २०२३ सालीं कायदा गेला तोही मजुराच्या रजेचाच. यास योगायोग म्हणावयाचें काय?

यावर कोणी म्हणेल, बेटवाले अमेरिकेचा प्राप्तिकर भरीत नाहींत, मग तक्रार कसली? खरें आहे; बेटावर मिळविलेल्या उत्पन्नावर बहुतेकांना तो कर नाहीं. पण म्हातारपणाच्या व औषधोपचाराच्या फंडाची वर्गणी त्यांच्या पगारांतून कापली जाते, बेटाचा स्वतःचा प्राप्तिकर ते भरतात, आणि रक्ताचा कर तर पुरेपूर दिला आहे. बेटाच्या ६५ व्या पलटणीनें कोरियाच्या युद्धांत एवढी कामगिरी केली कीं २०१४ सालीं काँग्रेसनें तिला सुवर्णपदक जाहीर केलें. मरावयास मत लागत नाहीं, असाच याचा अर्थ नव्हे काय? उलट कर नाहीं हें कारण पुढें करून सर्वोच्च न्यायालयानें २०२२ सालीं आठ विरुद्ध एक मतांनीं ठरविलें कीं गरीब, म्हाताऱ्या, आंधळ्या व अपंग लोकांस अमेरिका जें मासिक साहाय्य देते तें बेटावरच्यांस न दिलें तरी चालेल. विरोधी मत एकट्या सोनिया सोतोमायोर यांचें; त्यांचे आईबाप पोर्टो रिकोचे. आम्ही विचारतों, ज्याच्या घरांत चुलीला लाकूड नाहीं तो इतर कोठें राहिला असता तरी प्राप्तिकर काय भरणार होता?

मग बेटवाल्यांस काय हवें? त्यांना पुन्हां पुन्हां विचारण्यांत आलें आहे. १९६७ सालीं शेंकडा ६० जणांनीं आहे तीच पद्धत पसंत केली. १९९८ सालीं निम्म्याहून जास्त मतें ‘वरीलपैकीं कोणतेंही नाहीं’ यास पडलीं! २०१७ सालीं शेंकडा ९७ मतें अमेरिकेचें पूर्ण राज्य होण्यास पडलीं, पण विरोधकांच्या बहिष्कारामुळें मतदान शेंकडा २३ च झालें. २०२० सालीं राज्याच्या बाजूनें शेंकडा ५२ वर, २०२४ सालीं कोऱ्या मतपत्रिका सोडून शेंकडा ५८ वर. या सात-आठ प्रश्नोत्तरांपैकीं एकही उत्तर अमेरिकेवर बंधनकारक नव्हतें. डिसेंबर २०२२ मध्यें काँग्रेसच्या खालच्या सभेनें उत्तर बंधनकारक करणारें बिल २३३ विरुद्ध १९१ मतांनीं मंजूर केलें. सिनेटांत तें तसेंच विरलें.

आमचें स्पष्ट मत असें कीं जो विचारतो त्यानें उत्तराला बांधून घेतलें पाहिजे. बांधून न घेतां लोकांस पुन्हां पुन्हां विचारणें ही थट्टा आहे, आणि तिचा खर्च त्याच लोकांच्या खिशांतून होतो. बेटानें पूर्ण राज्य व्हावें, स्वतंत्र व्हावें कीं स्वतंत्र राहून अमेरिकेशीं करार करावा, हें बेटवाल्यांनीं ठरवावें. त्यांत आम्ही शहाणपण शिकवूं इच्छीत नाहीं. पण ज्या सभेचा कायदा आपल्यावर चालतो त्या सभेंत आपलें मत असलें पाहिजे, आणि तें नसेल तर तिचा कायदा आपल्यावर चालतां कामा नये. या दोहोंच्या मध्यें तिसरी न्याय्य वाट आम्हास दिसत नाहीं.

आणि तरीही बेटवाले हात जोडून बसलेले नाहींत. जुलै २०१९ मध्यें गव्हर्नर रोसेयो व त्याचे सोबती यांचे खासगी संदेश उघडकीस आले, ८८९ पानें! बायकांची, विरोधकांची, वादळांत मेलेल्यांचीही टवाळी त्यांत होती. लाखों लोक रस्त्यावर आले. सभेनें आरोप ठेवण्याची तयारी चालविली, आणि २ ऑगस्टला गव्हर्नर पायउतार झाला. आपल्या जागीं त्यानें बसविलेल्या माणसाची नेमणूक बेटाच्या सर्वोच्च न्यायालयानें पांच दिवसांत घटनाबाह्य ठरविली. जेवढी सत्ता बेटाच्या हातांत आहे तेवढी वापरावयाची कशी, हें त्या लोकांना पुरतें कळतें. उरलेली सत्ता त्यांना देण्यास ते लायक नाहींत म्हणून कोणी सांगूं लागला, तर त्याला १९०१ च्या संत्र्यांचा निकाल दाखवावा आणि विचारावें कीं तुमची ‘थोडी वाट पाहा’ संपावयाची केव्हां?

वाचकहो, या हकीकतींतून आपण तीन प्रश्न गांठीं बांधून ठेवावे. पंचायत असो, सोसायटी असो, कायदेमंडळ असो. मत देण्याआधीं विचारावें कीं या सभेनें केलेला ठराव दुसरा कोण खोडूं शकतो? पैसा कोणाच्या सहीनें निघतो? आणि सही करणाऱ्यास काढून टाकण्याचा अधिकार आपल्याला आहे कीं नाहीं? उत्तरें समाधानाचीं नसलीं तर मत देण्याचें सोडूं नये. १९४० च्या हीबारोनें सोडलें नाहीं, म्हणूनच त्याच्या झोंपडीखालची जमीन त्याची झाली. पण पेटी मिळाली म्हणून किल्लीचें मागणें मात्र कधीं सोडूं नये.